सावली कोणत्या बाजूला?

"बाबांना नवरदेवाच्या उजव्या हाताला उभं करा. आईच्या शेजारी नको. तिला बघवायचं न्हाई."

कराडच्या एका फोटो स्टुडिओच्या काउंटरवर हे सांगणारा तरुण नवरदेवाचा थोरला भाऊ. फोनमध्ये लग्नातला ग्रुप फोटो आणि शर्टाच्या खिशातल्या पाकिटात वडिलांचा पासपोर्ट साइज फोटो. त्याच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची भोकं, एका कानावर कुठल्याशा कचेरीच्या गोल शिक्क्याची जांभळी कड. वडील लग्नाच्या दोन वर्षं आधी गेले. समोरून, मान वर करून काढलेला एवढाच फोटो घरात सापडला. मालकांनी तो ट्यूबलाइटकडे धरून निरखला आणि विचारलं, "उंची किती होती वो त्यांची?" मुलाने आपल्या कानाच्या पाळीला बोट लावलं. मालकांनी ते एका जुन्या पावतीच्या मागे टिपून ठेवलं.

यंदाच्या अंकाचा विषय 'एकत्र' असल्याचं कळवताना संपादकांच्या डोळ्यांपुढे बहुधा सहकारी चळवळ, एकत्र कुटुंब असलं काही असावं. कराडात या दोन्हींवर लिहायला माणसं कमी नाहीत. मला मात्र ज्यांचा रोजचा धंदाच माणसांना एकत्र आणण्याचा आहे, त्यांच्या मागच्या खोलीत बसायचं होतं. परदेशातला भाऊ तिथे राखीपौर्णिमेच्या फोटोत येतो. गेलेली आजी पणतीच्या बारशाला हजर राहते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस माणसं एकमेकांना न भेटता खांद्याला खांदा लावतात. मालकांना सगळी गिऱ्हाइकं अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच.

निम्मं काम फेट्याचं

मागच्या खोलीत संगणकावर अण्णांची शिकाऊ मुलगी बसलेली असते. बारावी झाली, एमएस-सीआयटी झालं, कॉलेज बाहेरून चालू आहे. फोटोशॉप ती थोडं हिंदी व्हिडिओ बघून शिकली, बाकी अण्णांच्या ओरड्यातून. सुरुवातीला बरेच दिवस अण्णांनी तिला फक्त माणसं कापायला लावली. पेन टूल घ्यायचं आणि कॉलरच्या, खांद्याच्या, पदराच्या कडेने टिंब टिंब देत माणसाभोवती फिरून परत पहिल्या टिंबावर यायचं. टिंबं कमी तितकी रेघ गुळगुळीत. नवशिक्याचं कापलेलं माणूस ओळखायचं तर कोपराकडे बघावं. तिथे टिंबांची गर्दी झालेली असते आणि कोपर चावल्यासारखं दिसतं.

केसांना पेन टूल चालत नाही, कारण केसांना कड नसते. यात एक गंमत मला तिनेच सांगितली. जुन्या पिढीतल्या पुरुषांना कापणं सोपं जातं, कारण त्यांचे केस तेल लावून चापून बसवलेले. आताच्या पोरांचे वरून फुगवलेले आणि बाजूने भादरलेले केस म्हणजे डोकेदुखी. बायकांच्या कपाळावर, कानाजवळ सुटलेल्या बटांचंही तेच.

नवरदेवाच्या वडिलांचे केस अर्थात चापून बसवलेले होते, पण अण्णांनी केसांचा प्रश्नच ठेवला नाही. लग्नाच्या फोटोत घरच्या सगळ्या पुरुषांनी केशरी फेटे बांधलेत, तेव्हा वडिलांनाही बांधायचा. स्टुडिओच्या संगणकावर एक फोल्डर आहे. त्यात कोट आहेत, नेहरू जाकिटं आहेत, सदरे, टोप्या, नऊवारी, शालू आहेत आणि रंगवार लावलेले फेटे आहेत. सगळ्यांच्या आत माणूस नाही, मान आणि चेहऱ्याची जागा रिकामी. पासपोर्ट फोटोसाठी टी-शर्टवर येणाऱ्या नोकरीच्या उमेदवारांना याच फोल्डरमधला काळा कोट चढतो. पूर्वी लॅमिंग्टन रोडवरून असल्या फाइलींच्या डीव्हीडी यायच्या, आता टेलिग्रामवर येतात. "फेटा बांधला की निम्मं काम झालं," अण्णा म्हणाले. केस झाकले, शिक्क्याची शाई लागलेल्या कानाचा वरचा भागही झाकला.

राहिलं धड. पासपोर्ट फोटोत माणूस छातीपर्यंतच असतो. फोल्डरमधलं तयार धड लावता आलं असतं, पण अण्णांनी ग्रुप फोटो मोठा करून मुलाला विचारलं, "ह्ये कोण?" चुलते होते. त्याच मांडवात, त्याच दिव्याखाली काढलेल्या दुसऱ्या एका फोटोत चुलते जवळजवळ त्याच कोनात उभे होते. "अंगानं तुमचे वडील असेच का?" "व्हय, फक्त पोट नव्हतं येवढं." "मग ह्यांचं अंग चालंल?" मुलगा जरा थांबला, मग म्हणाला, "चालंल की. भाऊच ते."

हा निर्णय भावनेचा वाटेल, पण अण्णांच्या दृष्टीने तो उजेडाचा होता. त्याच मांडवातलं अंग घेतलं की खांद्यावरचा उजेड आपोआप बरोबर येतो. मग भांडण फक्त चेहऱ्याशी.

काळं झाकतं, पांढरं दाखवतं

लेअर म्हणजे काय हे ज्याने कधी पाहिलेलं नाही त्याने एकावर एक ठेवलेल्या काचा डोळ्यांसमोर आणाव्यात. प्रत्येक काचेवर एकच गोष्ट चिकटवलेली, आणि आपण वरून बघतो आहोत. वरची काच खालचीला झाकते. काचांचा क्रम बदलला की कोण पुढे आणि कोण मागे ते बदलतं.

नवरदेवाच्या उजव्या हाताला त्या फोटोत मामा उभे होते आणि त्यांच्यामागे झेंडूच्या माळांचा खांब. वडिलांना जागा करायची तर मामांना थोडं बाहेर सरकवायला हवं. मुलीने आधी नवरदेवाला कापून वेगळ्या लेअरवर घेतलं, मग मामांना. दोघांच्या मागे उरलेल्या भोकात खांबाच्या माळा पसरून भरल्या. आता सगळ्यांत खाली रिकामा मांडव, त्यावर चुलत्यांचं अंग, त्यावर वडिलांचा चेहरा, त्यावर फेटा, आणि सगळ्यांत वर नवरदेव आणि मामा. मामांचा खांदा वडिलांच्या दंडावर बोटभर चढवला. अण्णांचा कटाक्ष इथे असतो. कडेला मोकळं उभं केलेलं माणूस नंतर चिकटवलेलं वाटतं. कुणाचा तरी खांदा, कुणाचा तरी पदर त्याच्यावर आला की ते घरातलं होतं.

शिकणारा बहुतेक वेळा अडतो तो मास्कपाशी. नको असलेला भाग खोडरबराने पुसून टाकायची सवय हाताला असते. पुसलं की गेलं. फाइल बंद केल्यावर परत मिळत नाही. मास्क पुसत नाही, झाकतो. लेअरच्या शेजारी त्याच आकाराचं एक काळं-पांढरं चित्र असतं. त्यात जिथे काळं रंगवाल तिथे लेअर दिसेनासा होतो, जिथे पांढरं तिथे दिसतो, आणि निम्म्या राखाडी जागी निम्मा दिसतो. वडिलांच्या हनुवटीखाली चेहरा संपून चुलत्यांची मान सुरू होते ती जागा मुलीने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत हळूहळू उतरणाऱ्या राखाडीने रंगवली. चुकून कान झाकला गेला, तर रंग पांढरा करून त्याच जागेवरून ब्रश फिरवला की कान परत. "खोडरबर घेतलेला दिसला की मी माउस काढून घेतो," अण्णा म्हणाले. मुलीने न वळताच मान हलवली.

याला फाइलच्या वजनाची किंमत मोजावी लागते. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचाचं असतं. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३,६०० गुणिले १०,८००, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. पूर्ण पान व्यापणारा एक लेअर शंभर एमबीच्या वर जातो, आणि पानावर असे वीस-पंचवीस लेअर सहज होतात. खोलीतला एसी माणसांसाठी नाही हे मला आत गेल्यावर लगेच सांगण्यात आलं होतं.

लेअरची ही सोय फोटोशॉपबरोबर जन्मली असं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल याने १९८७ मध्ये लिहायला घेतलेला प्रोग्राम, स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत काम करणारा त्याचा भाऊ जॉन याच्या मदतीने वाढत गेला आणि १९९० मध्ये फोटोशॉप म्हणून बाजारात आला. तेव्हा त्यात लेअर नव्हते. एका चित्रावर दुसरं आणून ठेवलं आणि सोडलं की ते खालच्यात कायमचं मुरायचं; बोटभर डावीकडे हवं होतं असं वाटलं तर सगळं पहिल्यापासून. लेअर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. खालच्या चित्राला हात न लावता फक्त त्याचा उजेड किंवा रंग बदलणारे लेअर त्यानंतर दोन वर्षांनी. आज पैसे न भरता शिकायचं तर गिम्प आहे, ब्राउझरमध्ये उघडणारं फोटोपिया आहे. लेअर आणि मास्क दोन्हीकडे आहेत आणि काळ्या-पांढऱ्याचा नियमही तोच. माझ्या मते नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. हाताला वळण लागायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

तीळ उजव्या गालावरच

आता चेहरा. चुलत्यांचं अंग मांडवातल्या पिवळ्या व्हिडिओ लाइटमध्ये उभं आहे आणि लाइट डावीकडून पडतोय. वडिलांचा चेहरा मात्र पासपोर्ट फोटोचा, दोन्ही बाजूंच्या छत्र्यांतून सपाट पांढरा उजेड पडलेला. नाकाला सावली नाही. अंगावर ठेवल्याबरोबर तो मुखवट्यासारखा दिसू लागला. कापण्यात तसूभर चूक नव्हती, तरी बघणाऱ्याला काहीतरी खुपत होतं.

सपाट चेहऱ्याला सावली देता येते. उजेड कमी-जास्त करणारा एक कर्व्हज लेअर घ्यायचा, तो फक्त चेहऱ्याच्याच लेअरला बांधायचा, म्हणजे मामा काळे पडत नाहीत. सगळा चेहरा दाबून काळपट करायचा, मग मास्क पूर्ण काळा करून ती काळोखी लपवायची आणि मऊ, फिकट पांढऱ्या ब्रशने उजव्या गालावर, नाकाच्या उजव्या कडेला, हनुवटीखाली थोडी थोडी परत आणायची. तसाच दुसरा लेअर उजळ करून डाव्या गालासाठी. हे काम मुलीने दुपारभर केलं. मध्ये दोनदा अण्णांनी येऊन "लई झालं" म्हणून कमी करायला लावलं.

उजेड उलट्या बाजूचा असलेला चेहरा आला तर नवशिका झटकन तो आरशासारखा फिरवून टाकतो. उजेड जुळतो, पण भांग उलट्या बाजूला जातो आणि तीळ दुसऱ्या गालावर. अण्णा हे करू देत नाहीत. आरशातला चेहरा ज्याचा त्यालाच सवयीचा असतो. बाकी घराने तो सुलटाच पाहिलेला. बायकोला तर क्षणात कळतं. पूर्ण माणूस फिरवलं तर आणखी घोळ: शर्टाची बटणं उलटी, घड्याळ उजव्या हातात, बाईचा पदर उजव्या खांद्यावर. एखाद्या अल्बममध्ये सगळ्या बायकांचे पदर डावीकडे आणि एकीचाच उजवीकडे दिसला, तर ती गुजराती असावी असं समजू नका.

रंग जुळवताना डोळा फसतो, म्हणून आधी उजेडाची पट्टी जुळवतात. सगळ्यांत वर एक ब्लॅक अँड व्हाइटचा लेअर टाकायचा आणि करड्या चित्रात बघायचं: वडिलांच्या भुवयांचं काळं मामांच्या मिश्यांच्या काळ्याइतकंच गडद आहे का, डोळ्यातलं पांढरं नवरदेवाच्या डोळ्याइतकंच उजळ आहे का. ते जमलं की वरचा लेअर बंद करून रंगाकडे वळायचं. शेवटी कणांचा प्रश्न. मांडवातला फोटो नव्या कॅमेऱ्याचा, तरी रात्रीचा, त्यामुळे त्यात बारीक रवा आहे. जुन्या प्रिंटवर कागदाची वीण उमटलेली. ती आधी पुसट करायची आणि मग चेहऱ्यावर मांडवातल्यासारखाच रवा मुद्दाम पेरायचा. इतक्या मेहनतीने चेहरा थोडा खराब करावा लागतो, हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही, म्हणून अण्णा सांगत नाहीत.

सावल्या दोन टाकायच्या असतात. पायाशी, बूट जमिनीला टेकतात तिथे अगदी गडद आणि अरुंद. ती नसली तर माणूस तरंगतं. दुसरी लांब, फिकी, कडा विरलेली, दिवा असेल त्याच्या उलट दिशेला. ग्रुप फोटोत पाय बहुधा दिसतच नाहीत, तेव्हा तिसरीच सावली महत्त्वाची: मामांच्या खांद्याची वडिलांच्या सदऱ्यावर. या सगळ्या मल्टिप्लाय पद्धतीने बसवतात. वरच्या आणि खालच्या ठिपक्याच्या आकड्यांचा गुणाकार करून २५५ ने भागायचं. निम्म्या करड्यावर निम्मं करडं म्हणजे १२८ गुणिले १२८ भागिले २५५, उत्तर ६४, म्हणजे चांगलंच गडद. पांढऱ्याचा आकडा २५५, त्याने गुणून भागल्यावर खालचं जसंच्या तसं राहतं. म्हणून सावली सदऱ्याच्या सुरकुत्या न झाकता त्यांच्यावर पडते. कोऱ्या कागदावरची सही स्कॅन करून कुठेही बसवता येते ती याच गुणाकाराने, आणि बँकांना सह्यांची भीती वाटते त्यालाही हेच कारण पुरेसं आहे.

काही गोष्टी अण्णांनाही जमत नाहीत. फोटोग्राफर खुर्चीवर चढून वरून फोटो काढतो, तेव्हा सगळ्यांची कपाळं मोठी आणि हनुवट्या लहान दिसतात. त्यात डोळ्यांच्या रेषेतून काढलेला चेहरा बसत नाही. कॅमेऱ्याची उंची कुठल्याच लेअरने बदलत नाही. अशा वेळी ते पैसे परत करतात. "बसत न्हाई. दुसरा असला तर आणा."

आणखी एक काम ते घेत नाहीत. शेजारी उभं करून द्या म्हणून एखादा मुलगा मुलीचा फोटो फोनवर घेऊन येतो, इन्स्टाग्रामवरून उचललेला. अण्णांचा प्रश्न ठरलेला: "तिला घिऊन ये." बहुतेक परत येत नाहीत.

दगड आणि काळा पुठ्ठा

असली जोडाजोड संगणकाने आणली हा समज अण्णांकडे बसल्यावर टिकत नाही. त्यांच्या वडिलांचाही स्टुडिओच होता. तेव्हा दोन प्रिंट ब्लेडने कापून एकावर एक चिकटवायचे, सांध्यावर रंगाने टचिंग करायचं आणि त्या चिकटवलेल्याचा पुन्हा फोटो काढायचा. नव्या निगेटिव्हमध्ये सांधा विरघळायचा. ब्लेडने कागद तिरका तासून कड पातळ केली नाही, तर मात्र कडेची बारीक सावली फोटोत उमटायची. कड मऊ करायला हल्ली फेदर नावाचा आकडा भरतात, त्या जागी तेव्हा ब्लेडचा कोन होता.

आणखी मागे गेलं तर १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र छापलं होतं, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली होती. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून मरणपंथाला लागलेल्या मुलीचं आणि तिच्या घरच्यांचं चित्र जोडलं. त्यावर लोक चिडले. इतका खासगी प्रसंग कॅमेऱ्याने टिपावा हे त्यांना रुचलं नाही. तो प्रसंग मुळात घडलाच नव्हता तरीही. भारतात नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांना हा संकोच नव्हता. श्रीनाथजींसमोर हात जोडून उभ्या कुटुंबाचं चित्र ते रंगवत आणि भक्तांचे चेहरे मात्र फोटोतून कापून त्यावर चिकटवत. यात्रेला न आलेला मुलगाही त्यामुळे देवासमोर उभा राहू शके.

आपल्याकडचा धागा मळवलीपाशी सापडतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात निघाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथे देवांची चित्रं शिळाछापाने निघत: प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक दाबलेला. एखादा दगड केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर यायचा. या छपाईच्या कामात काही काळ हात घातलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आधी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाई शिकून घेतली होती, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. त्यांच्या चमत्कारदृश्यांमागे हीच शिदोरी आहे. त्या काळी एका चौकटीत दोन प्रसंग आणायचे तर भिंगासमोर काळा पुठ्ठा धरून निम्मी फिल्म झाकत, चित्रण करत, फिल्म मागे गुंडाळून उरलेली निम्मी उघडत. १९१९ च्या 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला फाळक्यांची लेक मंदाकिनी आधी स्वतः म्हणून पडद्यावर येते आणि मग बघता बघता तिच्या जागी कृष्ण होतो. हा खेळ आधी उघड करून दाखवून मगच फाळके तिच्याकडून कालियाचं मर्दन करवून घेतात. प्रेक्षकांनी म्हणून त्या कृष्णाला नमस्कार करायचा थोडाच सोडला असेल.

दात कुठून आले

फोनवर आता हे सगळं एका बोटाने होतं, मग स्टुडिओ कशाला, हा प्रश्न मी विचारायच्या आधी अण्णांनीच काढला. माणूस आपोआप कापणारं बटण फोटोशॉपमध्ये २०१८ पासून आहे आणि ते मुलगीही वापरते. पेन टूलचं निम्मं काम त्याने खाल्लं. २०२३ पासून नुसतं लिहून सांगितलं की नवा खांब, नव्या माळा, नवी जमीन तयार होते. मांडवातली मामांच्या मागची जागा भरायला ते उत्तम. तिथे कुणी झेंडू मोजत नाही.

चेहऱ्याला मात्र अण्णा ते लावू देत नाहीत. पुसट झालेला फोटो 'क्लिअर' करणाऱ्या ॲपमधून मागे एकदा त्यांनी एका म्हातारीचा फोटो काढला होता. कातडी तुकतुकीत झाली, पापण्या सुटसुटीत आल्या. सुना खूश. थोरल्या मुलाने फोटो हातात घेतला आणि म्हणाला, दात कुठून आले? आई ओठ मिटून हसायची, कारण पुढचे दोन पडलेले. यंत्राने मिटलेले ओठ किंचित उघडून आत सरळ दातांची रांग बसवली होती. यंत्राला पुसट चेहऱ्यातून ती बाई माहीत नसते, त्याला फक्त हजारो बायका माहीत असतात, आणि त्यांच्यातली एक ते देतं. मास्क आणि कर्व्हजने असं होत नाही. तिथे जे मूळ फोटोत नाही ते येतच नाही. झाकता येतं, उजळता येतं, सरकवता येतं, इतकंच. पुसट असेल तर पुसटच राहतं. त्या मुलाला शेवटी पुसटच फोटो मोठा करून दिला.

फ्लेक्सला सावली नसते

संध्याकाळी फ्लेक्सची कामं येतात आणि खोलीतला नियम एकदम उलटा होतो. दुपारभर जी मुलगी सांधा लपवत होती, ती आता प्रत्येक चेहऱ्याभोवती पांढरी जाड कड ओढते, वर बाहेरून चमक देते. सावली कुणालाच नाही. उजेड ज्याचा त्याचा: एकावर उन्हाचा, एकावर ट्यूबलाइटचा, एकाने फोटो काढून घेतलाय गाडीत बसून. दोन चेहऱ्यांचे उजेड जुळवायचा प्रयत्नही नाही. सुरुवातीला मला हा आळस वाटला. नंतर ध्यानात आलं की इथे जोडणं लपवायचंच नसतं. कुटुंबाच्या फोटोत वडील तिथे खरोखर होते असं वाटायला हवं. फ्लेक्सवर मात्र हा माणूस त्या माणसाबरोबर आहे हे जाहीर करायचं असतं, आणि प्रत्येकाला आपला चेहरा सुटा, पूर्ण, कुणाच्याही खांद्यामागे न गेलेला हवा असतो. मामांचा खांदा बोटभर चढवायची युक्ती इथे वापरली तर दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवायला लागेल.

क्रम कडक आहे. वरच्या पट्टीत महापुरुष, त्यांच्याखाली पक्षाचे वरचे नेते गोलात, मग आमदार, मग ज्याचा वाढदिवस आहे तो पांढऱ्या शर्टात, गॉगल लावून, चालता चालता फोनवर बोलत असलेला, सगळ्यांहून मोठा. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे एकाच मापाचे. माप खरोखर मोजलं जातं. एक शुभेच्छुक तिथेच खुर्चीत बसून पडद्याला बोट लावून म्हणाला, "ह्याचं डोकं माझ्याहून मोठं दिसतंय." मुलीने दोन्ही चौकटींचे आकडे काढून दाखवले, सारखेच होते. त्याच्या शेजारच्याने टोपी घातली होती, एवढाच फरक. तरी याला थोडा वाढवून दिला.

मजकुराचा लेअर शेवटी येतो आणि तिथे मराठी अडखळते. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग चालू नसेल तर युनिकोडची जोडाक्षरं फुटतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी अजून श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि कोरलमध्ये टाइप करून चित्र म्हणून आणलेला मजकूर चालतो. चित्र झालेला मजकूर नंतर दुरुस्त होत नाही. गावोगावच्या 'हार्दीक शुभेच्छां'ची वेलांटी पिढ्यान् पिढ्या तशीच राहिली त्याला शुद्धलेखनाइतकंच हेही कारण आहे: कुणीतरी एकदा बनवलेला लेअर पुढे सरकवत राहतात.

दहा बाय पंधरा फुटांचा फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने त्याला अल्बमइतके दाट ठिपके लागत नाहीत. छापून, घडी घालून रात्रीत चौकात चढतो. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कडक आदेश दिले ते याच जिल्ह्यातल्या, साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर. परवानगीचं विचारलं तर अण्णा म्हणतात, ते लावणाऱ्याने बघायचं.

मी निघायच्या बेतात असताना एक कार्यकर्ता आला. गेल्या वर्षीचाच फ्लेक्स हवा, तारीख बदला, आणि एक चेहरा काढा. कुणाचा ते त्याने मोठ्याने सांगितलं नाही, पडद्यावर बोट ठेवलं. साहेबांनी मधल्या काळात पक्ष बदलला होता. मुलीने लेअरसकट ठेवलेली जुनी पीएसडी फाइल उघडली, साहेबांच्या लेअरवर कर्सर नेला आणि नावापुढचा छोटा डोळा टिचकीसरशी बंद केला. गोलाची जागा रिकामी झाली. शेजारचे दोघे जरा सरकवून भरून घेतली.

"डिलीट नाही केलास?" मी विचारलं.

उत्तर कार्यकर्त्याने दिलं. "न्हाई न्हाई, असू दे. झेडपी होऊ द्या आधी."

मुलीने फाइल सेव्ह केली, नावापुढे नवं वर्ष घातलं आणि छपाईला पाठवायची जेपीजी वेगळी काढली.